कोमलची निळी फिल्म

कुसगावच्या कोमलला मी बारा वर्षं ओळखतो. पाण्याच्या मोर्चात माझी घोषणा भर रस्त्यात थांबवून दुरुस्त करणारी ही एकटीच. तेव्हा माझं टाळकं सरकलं होतं. पण पुढे चालली तिचीच घोषणा.

आता ती तळेगावला एका छोट्या कंपनीत खिडकीच्या काचेला लावायची प्लास्टिक फिल्म बनवते. एरवी आरपार दिसतं, दीड व्होल्ट दिला की निळी होते, वीज उलटी फिरवली की पुन्हा स्वच्छ. पडदा नको, दोरी नको. गोम एकच. पावसाळ्यात सातशे वेळा रंग बदलला की बाईसाहेब रुसायच्या. कडेने कायमच्या निळ्या.

मालक गोपाळकृष्ण सर म्हणाले, "गणपतीच्या आत दहा हजार वेळा टिकली पाहिजे. नाहीतर हे काम बंद, आणि तू पॅकिंगला."

कोमलने व्होल्टेजवर संशय घेतला, रसायनावर घेतला, आणि आमच्या मावळच्या दमट हवेवर तर डूखच धरला. फिल्म भट्टीतून निघाली की गरमागरम असतानाच कडा सील! "हवेला चान्सच देत नाही, दादा," हे ती मला ज्या तोऱ्यात सांगायची, तो तोरा मी फक्त निवडून आलेल्या सरपंचाकडे पाहिलाय.

एका रविवारी चहाला गेलो, तेव्हाही तेच चालू होतं. तिची आई अंबूबाई वीस वर्षं लोणावळ्यात चिक्कीची पाकिटं भरते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गरम गरमच बंद करतीस व्हय? मग मरंल न्हाईतर काय."

"आई, ही चिक्की नाही."

"न्हाईच. चिक्कीला तरी अक्कल आसती. गरम भरली की आतल्या आत घाम सुटतो, कडंला पयली चिकाट हुती. तुझी कुटनं बिघडती?"

कोमलने चहा गाळायला घेतला.

"कडेनंच," मी म्हणालो. राहवेना.

"दादा, तुम्ही चहा प्या." मग आईकडे वळून, "उघडी ठेवू का मग? या पावसात?"

"उगडी कशाला? आमी झाकणाच्या डब्यात गार करतो, मग भरतो. तुज्या सायबाकडं डबा न्हाई?"

डबा होता. ओल शोषणारे दाणे घातलेला, घट्ट झाकणाचा, वर्षभर कपाटावर पडलेला. सोमवारी फिल्म त्यात गार झाली, मग सील झाली, आणि रंग बदलण्याचं यंत्र पाच दिवस चाललं. अंबूबाई लेकीला रोज संध्याकाळी "जेवलीस का?" विचारायची, ती आता "किती झालं?" विचारू लागली. सातशे झाले. तीन हजार झाले. गणपतीच्या आदल्या दिवशी दहा हजार, कडा काचेसारख्या. काम वाचलं.

कोमलने मला रिपोर्ट दाखवला. त्यात लिहिलं होतं, "स्थानिक तज्ज्ञाच्या सल्ल्यानुसार पद्धत बदलली."

मी भडकलो. "तज्ज्ञाला नाव नसतं का गं?"

"कंपनीचा रिपोर्ट आहे, दादा. आईचं नाव कसं लिहू?"

"पेनानं."

तिने लिहिलं. अंबूबाईने ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि भुवई चढवली. "फुडं चिक्की कारखाना लिव की. न्हाईतर लोक म्हनतील, कुटली अंबूबाई?"