मोजपट्टीने बदललेली चार घरं

गावात सगळे त्याला मोजपट्टी म्हणत. तीस वर्षं तो पाट्या रंगवत आला होता, आणि खिशात घडीची पट्टी नसली की त्याला अनवाणी फिरल्यासारखं वाटायचं. एकदा एका दुकानदाराने पाटीचा मजकूर देताना 'औषध'मधल्या 'ध'चा 'द' केला आणि तसंच रंगवायला सांगितलं, तर हा गडी काम टाकून घरी आला. जगाचं शुद्धलेखन तुमच्या डोक्यावर कुणी ठेवलंय, असं बायकोने विचारलं.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा रसायनशास्त्राच्या बाईंनी त्याला बोलावलं. प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता हवा होता. हातात छापील नमुना देऊन त्या आठवडाभरासाठी परगावी गेल्या. नमुन्यात प्रत्येक घरात मूलद्रव्याचं नाव, कोपऱ्यात बारीक आकडा आणि तळाशी वजन, तेही दशांशासकट.

मोजपट्टीने खडूची दोरी मारून चौकटी आखल्या आणि तो शिडीवर चढला. रंगवता रंगवता वजनं पुटपुटायचा. पुढचं घर मागच्यापेक्षा जड, हे पाहून त्याचा जीव सुखावत होता. चौथ्या ओळीत मात्र ब्रश थांबला. कोबाल्ट ५८.९३ आणि त्याच्या पुढचा निकेल ५८.६९! छापणाऱ्याने डुलकी घेतली असणार. त्याने दोघांची अदलाबदल केली. पाचव्या ओळीत पुन्हा तेच: टेल्युरियम १२७.६०, आयोडीन १२६.९०. तिथेही अदलाबदल. कोपऱ्यातले आकडे त्याला घरनंबरासारखे वाटले, म्हणून ते जिथल्या तिथे ठेवले.

बाई परत आल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्याने पट्टीने चारही घरं दाखवली, वजनं वाचून दाखवली. त्याला शाबासकीची अपेक्षा होती. बाईंनी चारही वजनं पुन्हा एकदा स्वतः वाचली.

"बारा वर्षं मी हा तक्ता शिकवतेय," त्या म्हणाल्या, "पण शेजारशेजारची वजनं कधी ताडून पाहिली नाहीत. मला एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी त्या एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या आणि पायरीवर बसून सांगू लागल्या. हा तक्ता पहिल्यांदा मांडणारा माणूसही वजनानेच मांडत होता. पण आयोडीनचा स्वभाव क्लोरीन-ब्रोमीनच्या घराण्यातला, म्हणून वजन कमी असूनही त्याने त्याला टेल्युरियमच्या पुढे, त्यांच्याच उभ्या रांगेत बसवलं. टेल्युरियमचं वजन मोजणाऱ्यांचंच चुकलं असेल, असं त्याचं म्हणणं. पुढे लोकांनी पुन्हापुन्हा वजन केलं, तरी टेल्युरियम जडच भरलं.

"मग हे कोडं सुटलं कसं?" मोजपट्टीने विचारलं.

"ते घरनंबर आहेत ना, कोपऱ्यातले? तेच खरे. अणूच्या गाभ्यात धनभाराचे कण, म्हणजे प्रोटॉन, किती, ते त्यात आहे. क्रम त्यावरून लागतो, वजनावरून नाही."

त्याचे कान लाल झाले. मग बाईंनी हळूच आर्गॉनकडे बोट दाखवलं. त्याच्यानंतरचं पोटॅशियमही हलकं होतं, पण ते खालच्या ओळीच्या सुरुवातीला असल्याने मोजपट्टीच्या नजरेतून सुटलं होतं. ते मात्र त्याला जास्त लागलं.

त्याने चारही घरं खरवडली आणि नव्याने रंगवली. शाळा उघडली त्या दिवशी बाईंनी वर्ग बाहेर आणला आणि त्यालाच प्रश्न विचारायला लावलं: या तक्त्यात वजनाचा क्रम कुठे मोडलाय? मुलं भिंतीला नाक लावून शोधत होती. एका मुलीने सगळ्यांत आधी पोटॅशियम पकडलं, तेव्हा तो मनापासून हसला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती.

"म्हणजे तो तक्ता मांडणाऱ्या माणसाने सांगितलेलं कारण चुकलं," ती म्हणाली, "पण मांडणी बरोबर निघाली?"

"हो."

"मग त्यात नवल काय? आपल्या घरात हे रोजच होतं."