मामांचा तेरा

आमच्या कंपनीत त्यांना पूर्वी सगळे 'सर' म्हणत. संगणक विभागातले ते सर्वांत जुने प्रोग्रॅमर. मग त्यांची सख्खी भाची त्याच टीममध्ये लागली. शब्द त्यांनीच टाकला होता. पहिल्याच दिवशी तिने भर खोलीत हाक मारली, "मामा, माझी जागा कुठली?" आठवडाभरात मॅनेजरपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांचे ते मामा झाले. त्यांना हे फार झोंबलं, पण बोलणार कोणाला?

मी हिशेब खात्यातला. आमच्या बिलांचं नवं काम त्या टीमकडे होतं, म्हणून त्यांच्या नियोजनाला मला बसावं लागे. आम्ही वर्षाचं अंदाजपत्रक करणारी माणसं. ही मंडळी फक्त पुढच्या पंधरवड्यापुरतं ठरवत. त्याला ती स्प्रिंट म्हणत. एकेक काम वाचायचं. ते किती जड वाटतं, त्या आकड्याचं कार्ड प्रत्येकाने टेबलावर पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं, म्हणजे कोणी कोणाचं बघायला नको. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा ज्यांचा, त्यांनी कारण सांगायचं आणि मग पुन्हा कार्डं टाकायची.

पूर्वी कार्डं उलटली की नजरा मामांच्या कार्डाकडे जात. आता त्या भाचीच्या कार्डाकडे जाऊ लागल्या, कारण तिचा अंदाज खरा ठरे.

"बहीण फोनवर म्हणते, दादा, पोरीने तुझं नाव काढलं," मामा जेवताना मला म्हणाले. "माझं नाव राहिलंय कुठे? जगाचा मामा झालोय मी!"

त्यातच मॅनेजरने जाहीर केलं की या पंधरवड्यानंतर नियोजन टीममधलंच कोणीतरी चालवेल. फळ्यापुढची ती जागा मामांना हवी होती. आपल्याला नाही मिळाली तर ती भाचीलाच मिळेल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्या दिवशी आमच्या जुन्या गिऱ्हाइकांची खाती नव्या प्रणालीत आणायचं काम निघालं. कार्डं उलटली. भाचीचा आठ, बाकीच्यांचे पाच नाहीतर आठ. मामांचा तीन.

"तीन?" मॅनेजरने विचारलं.

"ही खाती मीच उभी केलीत. डोळे मिटून करीन."

"मामा, त्यात परत आलेली बिलंही आहेत," भाची हळूच म्हणाली.

"तुझ्या जन्माआधीपासून मी ती बघतोय."

"तेव्हा कंपनी तरी होती का, मामा?" टीमचे प्रोग्रॅम तपासून चुका काढणारी तपासणीवाली म्हणाली आणि खोली हसली.

भाची हसली नाही. मामांनी नेमकं तेवढंच पाहिलं आणि काम ओढून घेतलं. काम हलकं धरल्यामुळे पंधरवड्यात आणखी एक काम कोंबलं गेलं.

रोज सकाळी सगळे फळ्यापुढे उभे राहून आपापलं काम कुठवर आलं ते सांगत. मामांचं उत्तर ठरलेलं: "होत आलंय." त्यांच्या कामाची पिवळी चिठ्ठी मात्र फळ्यावर 'चालू'च्या रकान्यातून 'झालं'च्या रकान्याकडे हलेना.

"मामा, हिला जागेचं भाडं लावायचं का?" तपासणीवालीने टोमणा मारला.

एकदा मी तिथेच असताना भाची त्यांच्या टेबलाशी आली. "मामा, अर्धं मला द्या ना. कोणाला सांगणार नाही."

"हो, आईला सांगायला तेवढंच हवं असेल!"

ती परत गेली. तिचं काम केव्हाच झालं होतं, हे मामांना आणखी लागलं.

पंधरवडा संपला. मामांचं काम अर्धवट राहिलं आणि त्यापायी कोंबलेलं कामही. मॅनेजर रागावला नाही. त्याने फळ्याचा मार्कर उचलून भाचीच्या हातात दिला. मामा खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या बैठकीत तिने पहिलं काम वाचलं ते तेच. वाचताना तिचा आवाज खाली आला होता. कार्डं उलटली. तिचा आठ, कोणाचा पाच. मामांचा तेरा.

"बोला, मामा," ती म्हणाली.

मामा बोलले. एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती कशी निघतात, परत आलेली बिलं बंद खात्यांना कशी लटकलीत, त्यांना तीनदा कुठे मागे यावं लागलं. कोणी मधे तोंड घातलं नाही. दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे तेरा पडले, भाचीचाही.

"दोन तुकडे करू," ती म्हणाली. "एक मी घेऊ?"

"घे. परत आलेली बिलं माझी."

बैठकीनंतर मामा आणि मी लिफ्टने उतरत होतो.

"बघितलंत?" मामा म्हणाले. "मार्करचं झाकण उघडंच ठेवते. वाळणार तो."

लिफ्ट एक मजला खाली आली.

"पण तिचा आठ होता हं," ते म्हणाले. "तेरा माझा."

खाली पोचेपर्यंत हे त्यांनी मला आणखी एकदा सांगितलं.