चौथ्या पिढीची रॅम

घटनाक्रम असा. गौरीविसर्जनानंतरच्या सोमवारी रॅम, म्हणजे लॅपटॉपच्या स्मृतीची पट्टी, विकत घेतली. त्याच संध्याकाळी माझा जुना लॅपटॉप बंद पडला. नवरात्र बसण्यापूर्वी माझी लेखी तक्रार ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लागली. जबाबदार व्यक्ती म्हणून तीत एकच नाव होते — एसटी स्थानकामागे संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या नीलम साळवी यांचे. याला दोन वर्षे झाली. यापुढचे मात्र मी घरातही उच्चारलेले नाही. एक व्यक्ती सोडली तर ऐकणारे तुम्हीच पहिले.

न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस मी. चुकीचे वीजबिल असो वा उखडलेला रस्ता, पत्र लिहिल्याशिवाय सोडत नाही. रागाची मला कधी वाण पडली नाही. पण राग आणि सत्य — हे नेहमी एकाच बाजूला उभे असतात का?

नीलमताईंनी मला बजावले होते. "काका, लॅपटॉप घेऊन या. आतली जुनी पट्टी बघून देते. खिडकीला काच बसवताना चौकट मोजता की नाही?"

मी मोजली नाही. रॅमच्या पिढ्या असतात, डीडीआर-थ्री जुनी आणि डीडीआर-फोर नवी, एवढे वाचून गेलो होतो. नवा कायदा आला की जुना रद्द होतो — आयुष्यभर हेच पाहिलेले. तेव्हा तिसरीच्या जागी चौथी चालणारच, असा निवाडा मी परस्पर देऊन टाकला. फोरच मागितली.

"बसली नाही तर जोर करू नका हो. परत आणा," त्या म्हणाल्या.

बसली नाही. पट्टीच्या कडेची खाच आणि लॅपटॉपमधला उंचवटा समोरासमोर येत नव्हते. स्पष्ट दिसत होते. आणि मी — मी अंगठ्याने दाबले. आत काहीतरी कडकन तुटले. तो आवाज मी ऐकला. तरी तक्रारीत काय लिहिले? ‘विक्रेत्याने सदोष माल देऊन यंत्र निकामी केले.’

संघातली माणसे त्या दुकानाची पायरी चढेनाशी झाली. परवा सभेत, वाचनालयाला मिळालेले जुने लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा विषय निघाला. नीलमताईंचे नाव येताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले. नाव मागे पडले. भित्रेपणा याहून वेगळा असतो का?

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात गेलो.

"या काका. आज नोटीस की समन्स?"

मी सगळे सांगितले. त्यांनी झाकण उघडले, विजेरी धरली. "ही जागा गेली. पण शेजारी दुसरी आहे, तिला तुमचा अंगठा लागलेला नाही." तिथे त्यांनी तिसऱ्या पिढीची पट्टी बसवली. पडदा उजळला. हा मजकूर मी त्याच लॅपटॉपवर लिहितो आहे.

मी क्षमा मागू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय सांगताय? मला ठाऊकच होतं. ज्यांना खोटं सांगितलंत, त्यांना सांगा."

वाचनालयाचे काम अजून कोणालाच दिलेले नाही. येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. हा मजकूर आज मी त्याच फलकावर लावला आहे. माझी मागणी एवढीच — मूळ तक्रारदाराने सभेत उभे राहून जाहीर उत्तर द्यावे.

तक्रारदार हजर राहील.