उपसली की विझणारी तलवार

प्रकाशकांचा फोन सकाळी आला. "म्यानाचं मुखपृष्ठ चालेल. पुस्तक छापायला घेतो." मी लगेच साताऱ्याला फोन लावला, हणमंताला सांगायला. उचलला सुमनवहिनींनी. "भावजी, हे पहाटेच गेले हो…" पुस्तकाचं मी काही बोललोच नाही. सांगलीहून मिळेल ती एसटी पकडली आणि कराड येईपर्यंत नुसता चरफडत होतो. प्रकाशकांनी एक दिवस आधी हो म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं त्यांचं!

हणमंत मूळचा मेढ्याकडचा, साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवायचा. मी सांगलीत चित्रकला शिक्षक. शिकताना एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची दोस्ती. तो दिवाळी अंकांत विज्ञानकथा लिहायचा, चित्रं मी काढायचो. प्लाझ्मा हे त्याचं वेड. घन, द्रव, वायू आणि त्यापुढची चौथी अवस्था. वायूला इतकी ऊर्जा द्यायची की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. "सूर्य त्याचाच, आकाशातली वीज त्याचीच, आणि तुझ्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटीत पण तेच रं," म्हणायचा. त्याची यानं प्लाझ्मावर चालायची, गावांवर प्लाझ्माची ढाल असायची. तलवार तेवढी कधी लिहिली नाही. आणि नेमकी तीच सगळ्यांना हवी. "साताऱ्याचा लेखक आणि तलवार नाही?" प्रकाशक म्हणायचे. तलवारीची कथा द्या, पुस्तक काढू.

जन्मभर कथा अंकांत विखुरलेल्या. नावावर एक पुस्तक व्हावं, एवढीच त्याची हौस. त्यात फुप्फुसाचं दुखणं निघालं. मी वैतागून म्हणायचो, "लिही की गड्या एक तलवार!"

"लिहितो. टोक कुठं थांबवू, तेवढं सांग."

प्लाझ्मा मोकळा सोडला की पसरतो, विझतो. धरून ठेवायला चुंबकीय क्षेत्र लागतं. मग मुठीतून निघालेली तलवार हातभर लांबीवर थांबणार कशी? अरे, गोष्ट आहे ती, म्हटलं, तर म्हणाला, "गोष्टीत खोटं चालतं. गबाळं चालत न्हाई." असला हट्टी माणूस!

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी मेढ्याला त्यांच्या घरी होतो. पूर्वजांची तलवार म्यानासकट पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. मला पात्याची धार बघायची हौस. मुठीला हात घातला मात्र, हणमंताचे थोरले भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले दादा, कडाडले, "आवं गुरुजी, ठेवा खाली! कामाबिगर उपसायची न्हाई. आमच्यात रीत न्हाई!" मी ओशाळलो. हणमंत मात्र खोकता खोकता हसायला लागला. "घावली गड्या, घावली! म्यानच धरून ठेवतंय तिला…"

ती त्याची शेवटची कथा. चुंबकीय क्षेत्र म्यानात, म्हणून तलवार म्यानातच जळते. उपसली की क्षणात विझते. सगळं राज्य तिला घाबरून असतं, आणि ती विझते हे फक्त एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला ठाऊक. कथा प्रकाशकांना आवडली, पण मुखपृष्ठावर तलवार उपसलेलीच हवी, म्हणाले. घ्या! वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "भावजी, काढा की एक उपसलेली. त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक तरी येईल." मला पटलं. खाटेशी बसून त्याला विचारलं. दम लागत होता, तरी बोलला, "उपसलेली काढलीस, तर विझलेली काढ."

मग मी नुसतं म्यान काढलं. तोंडाशी जांभळ्या उजेडाची एक बारीक रेघ. त्या एका रेघेसाठी किती कागद फाडले, माझं मला माहीत. पुढचं वर सांगितलंच आहे. प्रकाशकांवरचा राग अजून गेलेला नाही.

पुस्तक परवा आलं. काल खंडेनवमी. दुखवट्याचं वर्ष म्हणून यंदा गोडधोड नव्हतं, पूजा तेवढी झाली. दादांनी पाटावर तलवारीशेजारी पुस्तक ठेवलं. छापलेली रेघ नीट बघावी, पहिलं पान उघडावं, म्हणून मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," दादा या खेपेला हळू बोलले. "पूजेतलं पुस्तक आज उघडायचं न्हाई."

त्यांनी कुंकवाचं बोट मुखपृष्ठावर टेकवलं, नेमकं माझ्या जांभळ्या रेघेवर. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी हात मागं घेतला आणि कुंकू तसंच राहू दिलं.