चित्रातल्या चौकातली माणसं

ओल्या कोटाचा वास आला की डब्लिनच्या चित्रदालनातली ती दुपार आठवते. नागपूरहून आलेली आई क्लोनडॉकिन उपनगरातल्या माझ्या घरात दिवसभर खिडकीशी बसायची. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. म्हणून एका पावसाळी दुपारी तिला त्या चित्रदालनात नेलं. फ्रान्समधल्या कुठल्याशा गावाच्या चौकाचं चित्र होतं. जवळून नुसते रंगाचे ठिपके. आई चार पावलं मागे सरली, तर ऊन, झाडं, बाजाराला आलेल्या बायका. “बघ ना रे, किती माणसं आहेत इथं!” म्हणत निळी साडी सावरून ती बाकावर बसली, ती दालन बंद होईस्तोवर. उठताना शेजारणींचा निरोप घ्यावा तसं चित्राला म्हणाली, “येते हं.” आता आई नाही. मी मात्र अजून त्या चित्रापुढे मागे मागे सरतो आणि गर्दीत निळी साडी शोधतो. येते म्हणाली होती ना.