पेढे वाटल्यानंतरची तपासणी

दादाच्या शौचातून रक्त जातं हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मूळव्याध म्हणून सगळ्यांनी तो विषय संपवला होता. अंजूरला, आमच्या माहेरी, निम्म्या पुरुषांना मूळव्याध असते. निदान ते तसं समजतात. ताक, सुरण, मिरची बंद, फार झालं तर एखादं मलम. माझ्या या थोरल्या भावाने वर्षभर असंच काढलं. गणपतीच्या आरतीत तो मध्येच खाली बसला, तेव्हा मी त्याची नखं पाहिली. पांढरीफटक होती. दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घातलं आणि धामणकर नाक्यावर रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन इतकं कमी आलं की लॅबवाल्याने खात्रीसाठी पुन्हा एकदा तपासलं.

डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सांगितली. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. लिहून काढल्याशिवाय मला काम सुचत नाही. आदल्या दिवशी काय प्यायचं, काय खायचं नाही, पोट साफ करणारं औषध कधी घ्यायचं, सगळं लिहून वहिनीच्या फ्रीजवर लावलं आणि टेमघरला घरी परतले.

तपासणीत आतड्याच्या डाव्या भागात शेंगदाण्याएवढी गाठ सापडली. डॉक्टरांनी तारेच्या फासात धरून ती तिथेच काढली. याला पॉलिप म्हणतात, त्यांनी समजावलं. आतड्याच्या अस्तरावर मसासारखा वाढतो. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात, पण काही तसेच राहिले तर बऱ्याच वर्षांनी त्यांचा कॅन्सर होतो. म्हणून दिसला की काढायचा. काढलेला तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला: साधी गाठ, कॅन्सर नाही. दुर्बिणीच्या रिपोर्टखाली मात्र आणखी एक ओळ होती. उजव्या भागात मळ राहिल्यामुळे तिथलं आतडं दिसलेलं नाही, तपासणी पुन्हा करावी.

वहिनीने पहिलं वाक्य ऐकलं आणि हात जोडले. संध्याकाळच्या आत देवळात नारळ फुटला होता आणि आळीत घरोघर पेढे गेले होते.

मी डॉक्टरांना एकटी जाऊन भेटले. ते म्हणाले, एवढ्याशा गाठीने माणूस इतका पांढरा पडत नाही. उजवीकडे आतडं रुंद असतं. तिथे काही वाढत असलं तरी अडत नाही, दुखत नाही. नुसतं थोडं थोडं रक्त जात राहतं. तिथे काही आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळणार नाही.

दादा ऐकेना. "आख्ख्या आळीनं पेढे खाल्लं," तो म्हणाला. "आता परत नळी घालाया जाऊ? लोकांना काय सांगू, खोटं पेढे वाटलं?"

"पचले असतील ते एव्हाना," मी म्हटलं. "कोणी परत आणून देणार नाही."

तो हसला, पण उठला नाही. आजार परत बोलावून घेतल्यासारखं होईल, असं वहिनीचंही म्हणणं पडलं. औषध नीट घेऊनही मळ कसा राहिला, हे मी तिला विचारलं, तेव्हा ती आत्याकडे बघायला लागली.

आमच्यात दवाखान्याला किंवा कोर्टाला जाणाऱ्या माणसाला उपाशी धाडत नाहीत. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आत्या तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन आली होती. आई गेल्यावर तिनेच दादाला वाढवलं. तिचं ताट त्याने परत पाठवलं नाही, आणि वहिनीही काही बोलली नाही.

आत्या पडवीत बसून सगळं ऐकत होती. तिने मला जवळ बोलावलं.

"बाय, माझ्या भाकरीनं दिसलं न्हाय का?"

मी खोटं बोलले नाही. हो म्हटलं.

तिने पदर खोचला. मग दादाला म्हणाली, "तू जा. या टायमाला भाकर आल्यावर खा."

या वेळी त्याला दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेतलं. आतडं स्वच्छ होतं आणि उजव्या बाजूला जे होतं ते सगळं दिसलं: मोठी, खडबडीत, नळी लागताच रक्त येणारी गाठ. ती फासाने निघणारी नव्हती. तुकडा तपासला. कॅन्सर होता.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. वहिनी दार लावून बसली. मी पुढच्या कामांना लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं मोकळी दिसली. ऑपरेशन करून आतड्याचा उजवा भाग आणि त्याला लागून असलेल्या लसिका ग्रंथी काढल्या आणि दोन्ही टोकं जोडली. दादाला सगळ्यात जास्त धास्ती शौचासाठी पोटावर लावायच्या पिशवीची होती. ती लागली नाही. काही ग्रंथींमध्ये मात्र कॅन्सर पोहोचला होता, म्हणून केमोथेरपी घ्यावी लागली. त्या महिन्यांत गार वस्तूला हात लागला की त्याच्या बोटांना झिणझिण्या यायच्या. बर्फातली मासळी स्वतः उलटीपालटी करून घेणारा हा माणूस कोळणीपासून लांब उभा राहून बोटाने मासा दाखवायचा.

उपचार संपल्यावर पुन्हा दुर्बीण ठरली. आत्या आमच्याबरोबर आली. मांडीवर डबा होता, त्यावर फडकं बांधलेलं. दादाला आत नेल्यापासून तिने फडक्याच्या गाठीवरचा हात काढला नाही. शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा भाच्यासाठी आहे, एवढंच म्हणाली.

डॉक्टर बाहेर आले. सगळं आतडं दिसलं, साफ आहे, अजून काही वर्षं तपासत राहायचं, असं त्यांनी सांगितलं. मी सगळं आतडं दिसलं ना, हे पुन्हा विचारून घेतलं.

गुंगी उतरल्यावर आणि खायची परवानगी मिळाल्यावर दादा बाकावर येऊन बसला. वहिनीने हळूच विचारलं, आळीत पेढे वाटू का?

"पेढे नको," तो म्हणाला आणि आत्याकडे वळला. "भाकर दे."

आत्याने फडकं सोडलं.