वर्ना आत्याची सॅकमध्ये मावणारी रायफल

माझी वर्ना आत्या दुधाचा टँकर चालवते. एवढं मोठं धूड ती गोठ्याच्या अंगणात उलटं घेते, तेव्हा एका हातात चीझचं सँडविच असतं. तिचं बोलणंही टँकरच्या ब्रेकसारखं, अर्धा सेकंद फुस्स आणि संपलं. "सरक." "खा." "रडतोस काय, हाड मोडलं का?"

हाड मोडलं ते तिचंच. दरवर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा सरल्यावर, हरणांचे नर डुरकायला लागले, की आत्या सुट्टी टाकून एकटी खोऱ्याच्या टोकाला जाते आणि आमच्या अख्ख्या गल्लीला पुरेल एवढं मांस घेऊन येते. गेल्या खेपेला वेलींच्या गचपणात तिच्या सॅकमधून डोक्याच्याही वर आलेली रायफलची नळी अडकली. आमच्याकडच्या या काळ्या वेली म्हणजे सायकलची ट्यूब, तुटत नाहीत. आत्या पुढे गेली, रायफल मागे राहिली, मग दोघी ओढ्यात. गळ्याजवळचं हाड मोडून, एक हात शर्टात खुपसून ती चालत रस्त्याला लागली. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, डेसला बघून पहिलं काय बोलली तर, "नळीला ओरखडासुद्धा नाही."

"झालं तुझं," बाबा म्हणाले. "आता एकटीनं जाणं बंद. पुढच्या वर्षी माझ्याबरोबर."

बाबांबरोबर शिकार म्हणजे गाडीतला रेडिओ ऐकू येईल एवढ्याच अंतरावरची. आत्याने प्लास्टरवरून त्यांच्याकडे पाहिलं.

"पुढच्या एप्रिलपर्यंत ही रायफल सॅकच्या आत गेली, तर मी एकटी जाणार. नाही गेली, तर तुझ्या मागून येईन. मुकाट्यानं."

"मुकाट्यानं? तू?" बाबांना हेच फार आवडलं. "ठरलं!"

"दुकानातली नवी घे की, छोटी," आई म्हणाली.

"आमच्या पप्पांची आहे ही. हिचा घोडा माझ्या बोटाला ओळखतो."

"आणि पप्पांचीच रायफल कापणार?" बाबा उसळले.

"धार बघायला पप्पांनी स्वतःचं बोट कापलं होतं, डेस. ते काय बोलणार?"

जवळच्या ग्रेमाउथ गावात क्लॅरी म्हणून परवानाधारक बंदूक-कारागीर आहे. क्लॅरीच्या तोंडात एकच शब्द, 'हं', पण त्याच्या तऱ्हा आहेत. तोंड वर करून 'हं?' म्हणजे काय हवंय. नाकातून 'हं' म्हणजे होईल. आणि लांबवलेला 'हंऽऽ' म्हणजे कुणीतरी चहा ठेवा. आत्याने रायफल त्याच्यापुढे ठेवली, शेजारी सॅक ठेवली. क्लॅरी नाकातून म्हणाला, "हं."

त्याने कायद्यात बसेल एवढीच नळी आखूड केली, लाकडी दस्ता मागून कमी केला आणि नळी नि दस्ता हाताने वेगळे होतील अशी सोय केली. दोन तुकडे, मध्ये स्वेटर. सॅकची चेन लागली! आत्याने सॅक पाठीवर टाकून आमच्या स्वयंपाकघरात चक्कर मारली, मुद्दाम टेबलाखालूनसुद्धा. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, उलटं.

पण नेमबाजीच्या मैदानावर लक्ष्य लावलं आणि घोटाळा कळला. जोडली, झाडली, बरोबर मध्यात. सोडून पुन्हा जोडली, तर गोळी वीतभर डावीकडे. पुन्हा जोडली, तर वर. क्लॅरीच्या तोंडून तेव्हा जो 'हं' निघाला, तो कुणीच आधी ऐकलेला नव्हता. पोटात दुखल्यासारखा होता.

"लाकूड आहे," तो म्हणाला. "फुगतं. दर वेळी वेगळं बसतं. प्लॅस्टिकचा दस्ता लाव."

"नाही."

"मग पाऊस बंद कर."

आमच्या किनाऱ्यावर पाऊस बंद करणं अजून कुणाला जमलेलं नाही. आत्याच्या घरी टब नाही, म्हणून रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली. थोड्या वेळाने टॉवेल गुंडाळलेले बाबा मोरीतून किंचाळले, "वर्नाऽऽ! टबात पप्पांचा दस्ता पोहतोय!"

"हात लावू नकोस. भिजू दे."

"मी आंघोळ कशात करू?"

"आठवडाभर केली नाहीस तर कुणाला कळणार आहे?"

लाकूड भिजवायचं, कुठे फुगतं ते बोटाने चाचपायचं, पेन्सिलने खूण करायची, क्लॅरीकडे न्यायचं. क्लॅरी तेवढीच जागा कोरायचा. शेवटी त्याने आत धातूची बैठक बसवली, म्हणजे लाकूड हवं तेवढं फुगो, लोखंड लोखंडावरच टेकेल. अख्खा हिवाळा यात गेला. दर रविवारी आत्या मैदानावर रायफल सुटी करायची, सॅक टँकरच्या पायरीवर दाणकन आपटायची, पुन्हा जोडायची, झाडायची. चुकली की पुन्हा सुटी करायची. बघ्यांनी येणं सोडलं. ती येतच राहिली. उन्हाळा सरता सरता लक्ष्याच्या कागदावर भोकातच भोक पडायला लागलं. क्लॅरीने कागद उजेडात धरून पाहिला आणि वर्षात दुसऱ्यांदा 'हं' सोडून काही बोलला, "जा. घेऊन जा."

एप्रिल लागला आणि आत्या गेली. बाबांनाही त्याच दिवशी शिकारीला जायचं आठवलं. "मी तिच्या मागे गेलोच नाही," ते अजूनही छातीवर हात ठेवून सांगतात. "मी पलीकडच्या खोऱ्यात होतो. खिंड ओलांडली, एवढंच."

खिंडीखाली बाबांनी गाईचं शिंग तोंडाला लावलं आणि एखाद्या नराला चिथवून बोलवायला नरासारखे डुरकले. खालून उत्तर आलं. काय तो आवाज! बाबांच्या अंगावर काटा आला. खाली आत्या होती, व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपचा तुकडा तोंडाला लावून. वरून उत्तर आल्यावर तिच्याही अंगावर काटा आला. मग सकाळभर माझे बाबा आणि माझी आत्या एकमेकांवर डुरकत राहिले. आमच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी असं गाढव ठरतंच.

आवाज जवळ आला तशी आत्या दगडाआड बसली, सॅक उघडली, रायफल जोडली. गोळी भरली नाही. अख्खं जनावर दिसल्याशिवाय ती भरत नाही. वरच्या वेली हलल्या. तांबूस काहीतरी दिसलं. डुरकी आली, खणखणीत, आणि त्या डुरकीच्या शेपटाला आला खोकला, सिगारेटवाला.

"डेस!"

वेली आणखी जोरात हलल्या.

"डेस, हरणं बिड्या ओढत नाहीत!"

"... वर्ना? अगं, जरा येतेस का इकडे?"

आत्याने रायफल सुटी केली, सॅकमध्ये घातली आणि गुडघ्यांवर वेलींखालून सरपटत वर गेली. बाबा उभे होते, म्हणजे टांगलेले होते. सॅकच्या वर आलेली त्यांची लांबलचक नळी वेलींत अशी गुरफटली होती की पुढे होता येईना आणि मागेही. तांबूस दिसलं ते त्यांचं स्वेटर, आजीने विणलेलं.

"हसू नकोस."

"मी कुठं हसले?"

"पोट हलतंय तुझं."

तिने सुरी काढली आणि पहिली वेल धरली, तेवढ्यात वरून, अगदी कड्याखालून, तिसरी डुरकी आली. खोकला नव्हता. दोघंही जागच्या जागी थिजली.

"सोडव मला, आपण दोघं..." बाबा कुजबुजले.

"तुला सोडवेपर्यंत तो जाईल."

"आणि मी?"

"तू डुरक. त्याला इकडंच बघू दे."

सुरी त्यांच्या हातात ठेवून ती वेलींखाली शिरली. पाठीवरून वर काहीच आलेलं नव्हतं, त्यामुळे तिच्यामागे पानसुद्धा हललं नाही. बाबा टांगलेल्या जागेवरून शिंग फुंकत राहिले. मध्येच खोकला दाबला, डोळ्यांत पाणी आलं, तरी फुंकत राहिले. वरचा नर संतापून उत्तर देत होता.

मग एक बार झाला. बाबा दुसऱ्याची वाट बघत कान टवकारून उभे राहिले. दुसरा झालाच नाही.

"डेऽऽस!" वरून टँकरचा ब्रेक सुटला. "झालं कापून? ये मग. मागच्या तंगड्या तू उचल, मी शिंगं घेते."

"येतोय ना," बाबा म्हणाले, आणि पहिली वेल कापायला लागले.